शुक्रवारची आमची तीन घरं

काही किस्से श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांसारखे असतात. टाकवत नाहीत, आणि ठेवायला जागा नाही. आमच्या शुक्रवारचं तसंच झालंय.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मूळचे कोकणातले मराठी ज्यू. नोकऱ्यांच्या निमित्ताने भोपाळला आलो. इथे आमची तीनच घरं. एक आमचं, एक साकेत नगरच्या सोफीमावशींचं आणि एक कोलार रोडच्या अब्राहमकाकांचं. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, आमचा विसाव्याचा दिवस, लागतो, तेव्हा सगळे काकांकडे जमतो. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. आमच्यात दोन आहेत, काका आणि माझा नवरा सॅम्सन. त्यातला एक पेंगतो.

काका रिटायर्ड सिव्हिल इंजिनिअर. दहा माणसं नाहीत, तर निदान आतून तरी पक्के व्हा, हा त्यांचा हट्ट. दर शुक्रवारी मेणबत्त्या लागल्या की सुरू, "दीना, इमारत पायावर उभी राहते, डिस्टेंपरवर नाही."

हे ऐकून ऐकून माझे कान किटले. आमची मुलगी शिरा कॉलेजात आहे, पक्की भोपाळी. एकदा ती जेवता जेवता म्हणाली, "काका, पाया तो कब का भर गया. आता एखादी खिडकी तरी लावू द्या."

काका आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. पुढच्या शुक्रवारी मात्र प्रवचन अर्ध्यावर आटोपलं आणि तिला विचारलं, "हं, उघड तुझी खिडकी. काय विचारायचंय?"

•

आमच्या शेजारच्या देशमुखवहिनी नागपूरच्या. आमच्या घरात देवाची मूर्ती नाही, फोटो नाही, याची त्यांना मनापासून काळजी.

"मग सकाळी हात कुठे जोडता?"

मी म्हटलं, "आमच्यात आतच बघायचं असतं."

"आत?" त्या दचकल्या. "बाई गं, आत तर नुसता पसारा. त्यापेक्षा फोटो बरा, पुसता तरी येतो."

मी चहा टाकला.

•

शब्बाथला फोन बंद, हा काकांचा नियम. सॅम्सनने तो पाळला. म्हणजे फोन ड्रॉवरमध्ये ठेवला आणि संध्याकाळभर ड्रॉवरकडे बघत बसला. प्रार्थनेत दोनदा चुकला. मध्येच म्हणाला, "वाजला का?"

सोफीमावशी नर्सिंगमध्ये आयुष्य काढलेल्या. कमी बोलतात. त्या उठल्या, ड्रॉवर उघडला आणि फोन त्याच्या हातात दिला. "घे बाबा. फोन कधीचा बंद आहे, आता तूही हो."

•

किप्पुरच्या, म्हणजे आमच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या उपासाआधी माणसांची माफी मागायची असते. ज्याचं मन दुखवलं त्याच्याकडे जायचं, मग देवाकडे. सॅम्सनने ते सोफ्यावर पडल्या पडल्या उरकलं. 'कळत नकळत काही चुकलं असल्यास क्षमस्व', खाली हात जोडलेले, आणि सगळ्या कॉन्टॅक्ट्सना फॉरवर्ड. गॅसवाल्यालासुद्धा. मी कपाळाला हात लावला.

पहिलं उत्तर आतल्या खोलीतून आलं. शिराचं. "पप्पा, माझी माफी नेमकी कशाबद्दल?"

त्याने फोन सोफ्यावर टाकला. मग उठून तिच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. बाहेर आले तेव्हा दोघांचेही डोळे लाल. "मम्मी, चाय मिलेगी?"

आत काय बोलणं झालं ते मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. घरात माझी किंमत ही एवढी.

•

आणि दुसऱ्या दिवशी काकांकडे तो उपास. अन्न नाही, पाणी नाही. काकांना डायबेटिस. डॉक्टरांनी उपासाला साफ नाही सांगितलं होतं, आणि काकांनी मान डोलावून साफ ऐकलं नव्हतं.

दुपारी प्रार्थना वाचता वाचता त्यांच्या हातातलं पुस्तक थरथरायला लागलं. कपाळावर घाम. सोफीमावशींनी मनगट धरलं. "काका, साखर उतरलीय. काहीतरी घ्या."

"नाही."

मी म्हटलं, "काका, जीव वाचवायला उपास मोडायचा, हे आपल्याच धर्मात लिहिलंय. तुम्हीच शिकवलंत."

"इतरांसाठी लिहिलंय."

सॅम्सनने समजावलं. शिरा रडायला लागली. मी सरळ ओरडले. म्हातारा ढिम्म. "जन्मात मोडला नाही. आता शेवटी शेवटी मोडू?"

मावशी आत गेल्या. संध्याकाळी उपास सोडायला केलेलं मनुकांचं सरबत त्यांनी दोन पेल्यांत ओतून आणलं. काकांच्या समोर खुर्ची ओढून बसल्या. त्यांचाही उपास होता. ड्यूटीवर असतानासुद्धा त्यांनी कधी चुकवला नव्हता.

त्यांनी आपला पेला उचलला, पिण्याआधीचं आशीर्वचन म्हटलं आणि तो सगळा पिऊन रिकामा केला. मग दुसरा काकांच्या हातात दिला.

काकांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग पेला दोन्ही हातांनी धरून त्यांनीही तेच आशीर्वचन म्हटलं, हळूहळू, एक शब्द न गाळता.

आम्ही उपाशी तिघं म्हणालो, "आमेन."