प्रोसेसरला लावलेलं कुंकू

आमच्या कॉम्प्युटर रूममध्ये काहीतरी बिनसलंय, असं पहिल्यांदा वाटलं ते दाराच्या मुठीला हात लावल्यावर. चट्‌! बोटातून ठिणगी गेली आणि फाईल खाली पडली. मी तशीही दचकणारी. मागून कोणी खोकलं तरी उडते. पण त्या खोलीत इतके किस्से साठलेत की वाटतं, दचकणाऱ्या माणसालाच ते सापडत असावेत.

खोली वीजकेंद्राच्या स्टोअर्सची. सर्व्हर म्हणजे देवाचं ठाणं, म्हणून सगळे चपला-बूट बाहेर काढून यायचे. आत एसी, नायलॉनचा गालिचा आणि पायांत मोजे. म्हणजे प्रत्येक जण अंगात वीज भरूनच सर्व्हरजवळ! मी तो गालिचा काढायला लावला. खोली सांभाळणारे देवरावभाऊ गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "मॅडम, वीजकेंद्रात वीज नसन तं कुठी असन?"

*

सर्व्हरचा प्रोसेसर दमला होता. एक बेअरिंग शोधायला सांगितलं की बसायचा विचार करत. सोमवारी बॉयलर दुरुस्तीला बंद होणार, म्हणजे अख्खं वीजकेंद्र सुट्या भागांसाठी आमच्या खिडकीवर येणार. नवीन प्रोसेसर आला, पण तो बसवणारा इंजिनिअर सिरोंच्याला अडकला. गुरुवारशिवाय जमत नाही म्हणाला.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. कॉलेजात हे शिकलात ना, म्हणाले. शिकले होते, फळ्यावर! भीतीनं माझी मान हलली. त्यांनी ती होकारार्थी धरली.

*

रविवारी सकाळी मी टेपवर बॅकअप घेत होते. वळून बघते तर देवरावभाऊंनी डबा उघडून प्रोसेसर ताटात मांडलेला. पिना खाली, पाठीवर हळद-कुंकू, शेजारी उदबत्ती. मी किंचाळलेच.

"नवी वस्तू हाय, पूजा नाई करायची का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

कुंकू पुसता आलं. पण भिंगातून पाहिलं तर शेकडो पिनांमधली एक वाकली होती. केसाएवढी. सरळ करताना ती तुटली असती तर सोमवार हातचा गेला असता.

*

माझे अब्बा चंद्रपुरात घड्याळं दुरुस्त करतात. त्यांचा बारीक चिमटा मागवायला फोन केला, तर तो घेऊन बसनं स्वतःच आले. मी म्हटलं, तुम्हीच करा, माझ्याच्यानं होणार नाही. त्यांनी चिमटा माझ्या बोटांत दिला.

"तेरी मशीन है, बेटी. साँस छोड, फिर छू."

श्वास सोडला. पिन सरळ झाली. अब्बांनी भिंग लावून पाहिलं आणि नुसती मान डोलावली. स्वतः दुरुस्त केलेल्या घड्याळाच्या वाट्याला एवढंही येत नाही!

*

मग सर्व्हर बंद केला, प्लग उपसला. मनगटाला पट्टा बांधून त्याची वायर सर्व्हरच्या लोखंडी चौकटीला अडकवली, म्हणजे माझ्या अंगातल्या विजेचा झटका प्रोसेसरला बसू नये. देवरावभाऊ ते बांधणं बघत होते.

"बरं केलं मॅडम. आता तुमाले पळता येत नाई."

*

जुना प्रोसेसर निघाला. खुणेचा कोपरा जुळवून नवा नुसता ठेवला. दाबावा लागला नाही, आपल्या वजनानं बसला. त्याला धरून ठेवणारी दांडी खाली केली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी लावली, वर पंखा बसवला आणि बटण दाबलं. एक बीप. स्क्रीनवर नव्या प्रोसेसरचं नाव आलं. देवरावभाऊंनी नारळ फोडला. व्हरांड्यात, माझी परवानगी घेऊन!

पण खरी परीक्षा सोमवारी. बॉयलर बंद झाला आणि मी स्टोअर्सच्या खिडकीवर बसणाऱ्या मडावीभाऊंना फोन लावला. एरवी हे गृहस्थ दर अर्ध्या तासानं "हँग झालं" म्हणून मलाच फोन करायचे. त्या सकाळी एकदाही नाही. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. कोणी उचलेना. तिसऱ्यांदा लावला तेव्हा साहेब दारात येऊन उभे राहिले. माझ्या डोळ्यांसमोर काळा पडलेला स्क्रीन, खिडकीवर ओरडणारी माणसं, सगळं येऊन गेलं.

चौथ्यांदा फोन उचलला गेला. मागे प्रिंटरचा खडखडाट.

"काऊन फोन करून राह्यल्या मॅडम? इथी पर्च्या फाडता फाडता हात दुखून राह्यला माहा. ठेवा!"