मोटारी भरणारा सोपान आणि त्याचा जादूगार

सोपान गेल्याचा फोन आला तेव्हा मी आळेफाट्यावर दाढीला बसलो होतो. एका गालावर साबण तसाच ठेवून राजुरी गाठली. दारात जमलेल्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि भर दुःखात दोघा-तिघांना हसू आवरेना… सोपानला ती एंट्री फार आवडली असती.

विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणं हा त्याचा धंदा, आणि यात्रेसाठी नाटक लिहिणं ही खोड. आमच्या आज्यांच्या गोष्टीत वाघावर बसून फिरणारा, शेकडो वर्षं जगलेला एक जादूगार असायचा. सोपानचं म्हणणं, एवढं कुणी जगत नाही. चौदा पिढ्यांना एकच माणूस दिसला, म्हणजे तो म्हातारा नव्हता, प्रवासी होता. एका काळातून दुसऱ्या काळात उडी मारायचा. त्याचं यंत्र म्हणजे पाठीवरचा फवारणीचा पंप. दांडा खाली केला की मागलं शतक, वर केला की पुढलं. नाटकात जादूगार मी. वाघ प्लायवूडचा, खाली चाकं.

गेल्या वर्षी बिबट्यांच्या धास्तीने नाटक दुपारी ठेवलं होतं. यात्रा कमिटीच्या अध्यक्षांनी बजावलं होतं, माणसं शेवटपर्यंत बसली नाहीत तर हे नाटक शेवटचं, पुढल्या वर्षी ऑर्केस्ट्रा. आणि अख्ख्या गावाला लाइटच्या वेळा सांगणारा सोपान नेमका चुकला. त्या आठवड्यात शेतीची लाइट दिवसाची आहे, हेच तो विसरला. दुसऱ्या अंकात मी वाघावर एक पाय टाकला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "थ्री फेज आली." शेतातल्या मोटारी चालू करायला अर्धा मांडव उठला. सोपानने स्टेजवर येऊन माइक घेतला.

"पावणं, बसा म्हणत न्हाई. मोटार चालू करून या. तवर ह्यो काळ हितंच थांबलाय." मग माझ्या कानात, "हलू नको राव."

अर्धा तास मी हात वर करून उभा. नाकावर माशी बसली. पुढच्या रांगेतली एक म्हातारी जवळ येऊन निरखून म्हणाली, "जित्ता हाय का ह्यो?" मग एकेक जण परतू लागला, पाय चिखलाने भरलेले, सोबत खुरपायला गेलेल्या बायकाही. गेले त्यापेक्षा जास्त आले. मी अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. माणसांना धरून ठेवावं असं सोपानला कधी वाटलं नाही. त्यांना परत यावंसं वाटेल असं लिहावं, एवढंच.

यंदा तो नाही म्हटल्यावर ऑर्केस्ट्राची कुजबुज पुन्हा सुरू झाली. त्याची बायको, अनुसयावहिनी, कमिटीला एवढंच म्हणाल्या की तालीम दरवर्षीसारखी त्याच्या दुकानातच होईल. परवा बसलो. वार्निशचा तोच वास… ज्या रिकाम्या मोटारीवर बसून सोपान आम्हाला वाक्यं पुरवायचा, तिच्यावर कुणी बसलं नाही. मला सगळं पाठ आहे, पण त्याच्या आवाजाआधी तोंड उघडायची सवय नाही. जादूगार नव्या शतकात उतरला, पुढचं वाक्य माझं, आणि मी थांबलो. चहा घेऊन येणाऱ्या वहिनी उंबऱ्यातच उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या,

"पावणं, साल कंचं हाय?"

तेच वाक्य मी त्यांच्या पाठोपाठ म्हणालो.