मधल्या खुणेच्या पुढचा आवाज

दाजींचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. पाळी सहाची, पण त्याआधी गिटार. स्वयंपाकघराचं दार लोटून, गिटार कशालाही न जोडता, येत्या रविवारची गाणी ते एकदा वाजवून घेत. शेगडीवर किटली असे. ती शिट्टी मारत राही आणि दाजी वाजवत राहत. शेवटी ताई उठून येई, किटली उतरवी आणि परत जाऊन झोपे. माणूस गाण्यात बुडाला की बाकीचं भान राहत नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

ताई माझी थोरली बहीण, म्हणून ते माझे दाजी. ओतकामाच्या कारखान्यात आम्ही दोघं एकाच बाकड्यावर होतो. माझं ऐकून सगळा कारखाना त्यांना दाजी म्हणू लागला. साच्यातून निघालेल्या लोखंडी भागाच्या कडांना जादा धातू राहतो; तो ग्राइंडरने उडवायचा, हे आमचं काम. उडवून झाला की भाग साखळीला टांगायचा आणि हातोडीने टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला तर आत तडा. टिचकी मारल्याशिवाय दाजी एकही भाग पुढे सोडत नसत. पाळी संपत आली म्हणून एखादा तसाच ढकलला, असं त्यांच्या हातून कधी झालं नाही.

ही सवय मग घरी आली. कलिंगड असो, टेबल असो, भाड्याच्या घराची भिंत असो, दाजी आधी टिचकी मारून बघत. माणसं टिचकीने कळत नाहीत, म्हणून त्यांच्यावर संशय घेत.

हे सगळं घडलं त्या वर्षी कारखान्याच्या तपासनीसाने त्यांचा एक भाग परत पाठवला. आत तडा होता. दाजींनी तो स्वतः वाजवून सोडलेला. त्यांनी भाग उलटसुलट पाहिला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की हा आपला नाहीच, तपासनीसाने दुसऱ्या पाळीचा भाग आपल्या नावावर खपवला. मला ते पटलं. दाजींचा कान चुकेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

चर्चमध्ये वेदीच्या डाव्या बाजूची खुर्ची दाजींची. लग्नाच्या आधीपासून ते तिथे बसून वाजवत. मोठ्याने प्रार्थना करायला त्यांना जमत नसे. शब्द सुचत नसत. गिटार वाजवली की वर आपली हजेरी लागते, एवढंच ते म्हणायचे. 

मग नवी गाणी आली. त्यांत शेवटचं कडवं चढत जातं, आणि तिथे गिटारचा स्वर लांब टिकून राहावा लागतो, किंचित खरखरीत, गाणाऱ्यांच्या आवाजाला खालून आधार दिल्यासारखा. त्यासाठी ओव्हरड्राइव्ह पेडल लागतं. पायाने दाबायचा तळहाताएवढा डबा, वर फिरवायची तीन बटणं. एकाने खरखर वाढते, एकाने आवाज, आणि मधल्या टोनच्या बटणाने स्वर मऊ किंवा धारदार होतो. दाजींनी त्यासाठी जादा पाळ्या केल्या. ग्राइंडरच्या जादा पाळ्या म्हणजे काय, ते ज्याने केल्या त्यालाच ठाऊक.

दुकानात मला सोबत नेलं, साक्षीदार म्हणून. दुकानदाराने पेडलं काचेवर मांडली. दाजींनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि पहिल्याचा तळ उघडायला घेतला. दुकानदार म्हणाला, विकत घ्या आणि मग खुशाल फोडा. दाजींनी स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवला, पण मनात नोंद केली: हा आतलं बघू देत नाही.

एकेक वाजवून पाहिलं. दुकानदाराचं म्हणणं, उपासनेसाठी हे तपकिरी घ्या, मऊ आहे, गाणाऱ्यांवर चढत नाही. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, दाजी, हे गोधडीखाली वाजतंय. त्यांनाही तसंच वाटत होतं. पिवळं मात्र स्वच्छ होतं, त्याचा प्रत्येक स्वर सुटा कळत होता. ते वाजवताना दुकानदाराने तोंड वाकडं केलं आणि दाजींना सगळं समजलं. तपकिरी माल पडून राहिलाय, तो चर्चच्या नावाने गळ्यात मारतोय. आम्ही पिवळं घेतलं. महिन्याभरात बदलून मिळेल, असं पावतीवर लिहून घेतल्याशिवाय दाजी हलले नाहीत.

रविवारी शेवटच्या कडव्याला दाजींनी पेडल दाबलं. पहिल्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. मागच्या बाजूला ध्वनियंत्रावर वायरमन बसायचा. गावभर दिवे दुरुस्त करणारा, चर्चमध्ये फुकट राबणारा तरुण. त्याचा हात गिटारचा आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्टीवर गेला आणि पट्टी खाली आली. दाजींनी ते इतक्या लांबून पाहिलं. हातोडी धरणाऱ्याची नजर पक्की असते.

घरी जाताना ते एवढंच म्हणाले, की वायरमनच्या मेहुण्याला गिटार शिकायची आहे, खुर्ची रिकामी व्हायला हवी असणार. ताई म्हणाली, त्याला मेहुणाच नाही. दाजी म्हणाले, चुलतभाऊ असेल.

पुढच्या रविवारी त्यांनी उपासनेआधी पट्टीच्या बाजूला, जिथे ती होती तिथे, चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला. उपासना संपल्यावर पाहिलं तर पट्टी त्याच्या बरीच खाली. चोर सापडला. दाजींनी वायरमनला चर्चच्या पाळकसाहेबांसमोर उभं केलं. वायरमनने काही लपवलं नाही. हो, मीच खाली करतो, लोकांचे कान दुखतात, असं तो सरळ म्हणाला. पाळकसाहेब भिडस्त माणूस. त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला आणि मग सांगितलं की तक्रारी त्यांच्याकडेही आल्यात. येत्या रविवारपर्यंत आवाज सुधारला नाही, तर दाजींनी गिटार ठेवून काही दिवस बाकावर बसावं.

दाजी रागावले नाहीत, आणि ते जास्त वाईट. पहाटे गिटार वाजेना. ताईने मला बोलावून सांगितलं, काहीतरी कर.

शनिवारी दुपारी, चर्च रिकामं असताना, दाजी, ताई, वायरमन आणि मी असे चौघं जमलो. ही कल्पना दाजींचीच. त्यांना वायरमनची लबाडी उघडी पाडायची होती. त्यांनी वायरमनला दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसवलं. गिटार ते स्वतः वाजवणार, टोनचं बटण स्वतः फिरवणार, मी शेजारी उभा राहणार. म्हणजे कुणाला हातचलाखीला जागाच नाही.

बटण मधल्या खुणेवर होतं. दाजींनी एक स्वरमेळ वाजवला, वाकून बटण पुढे फिरवलं, परत वाजवला.

"आता फार टोचतंय," वायरमन म्हणाला.

दाजी हसले. काहीच बदललेलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं आणि मीही तेच सांगितलं, काडीचाही फरक नाही. दोन साक्षी झाल्या. दाजी म्हणाले, पाहिलंस, बटण फिरलेलं दिसलं म्हणून बोललास.

वायरमन वैतागला. त्याने ताईला विचारलं. ताईनेही टोचतंय म्हटलं. दाजींनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तीही त्या चुलतभावाच्या कटात आहे. मग तिला शेवटच्या बाकामागे नेलं आणि भिंतीकडे तोंड करून उभं केलं. परत येऊन वाजवलं. कधी बटण पुढे, कधी मागे, कधी नुसता वाकल्याचा आवाज करून तिथेच. ताई भिंतीशी बोलावं तसं सांगत होती: टोचतंय. आता बरं. आता बरंच आहे. आता फार. एकदाही चुकली नाही. मधल्या खुणेच्या पुढे दाजींना आणि मला सगळं सारखंच.

दाजी वाजवायचे थांबले. वायरमनने डोक्यावरचे हात हळूच खाली घेतले.

"तुम्ही दोघं कामाला कुठे आहात?" त्याने विचारलं.

ताई भिंतीकडूनच म्हणाली, "ग्राइंडरवर. एकाच बाकड्याला." मग वळून दाजींकडे आली. "अहो, किटली रोज मीच उतरवते. तुम्हाला तिची शिट्टी ऐकूच येत नाही."

मला तो परत आलेला भाग आठवला. दाजींनाही आठवला असणार, कारण सोमवारी ते तपासनीसाकडे गेले आणि म्हणाले की माझे भाग यापुढे दुसऱ्या कुणाकडून तरी वाजवून घ्या. त्या दिवशी बाकड्यावर दाजींच्या हातातली हातोडी कितीदा तरी साखळीपर्यंत जाऊन परत येत होती.

पण त्याआधी, त्याच शनिवारी, आम्ही चर्चमधून थेट दुकानात गेलो. पावती दाखवली. दुकानदार कुरकुरला. यावेळी ताई रस्त्याकडे तोंड करून दारात उभी राहिली आणि दाजी एकेक वाजवत गेले. तिने तपकिरी निवडलं. दुकानदाराचा चेहरा फुलला, तसा दाजींच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी ताईला पुन्हा उभं केलं आणि क्रम बदलून वाजवलं. तिने पुन्हा तपकिरीच निवडलं. घरी तिने टोनच्या बटणावर नखांना लावायच्या रंगाचा लाल ठिपका दिला. ठिपक्याच्या पुढे जायचं नाही, असं ठरलं.

रविवारी शेवटचं कडवं चढलं तेव्हा दाजींनी पेडल दाबलं. मला विचाराल तर गोधडीखालीच वाजत होतं. दाजी तारांकडे बघत नव्हते; तिसऱ्या बाकावरच्या ताईकडे बघत होते. ती गात होती. म्हाताऱ्यांचे हात मांडीवर होते. उपासना संपल्यावर दाजी मागे गेले. चिकटपट्टीचा तुकडा अजून तिथेच होता आणि ध्वनियंत्राची पट्टी बरोबर त्याच्या शेजारी. पण त्यांनी तुकडा काढला नाही.

जादा पाळ्यांचे पैसे अशा डब्यात गेले, ज्याचं चांगलेपण दाजींना स्वतःच्या कानांनी कधी कळलं नाही. तपकिरी पेडल पिवळ्याहून स्वस्त होतं. उरलेल्या पैशांत त्यांनी हत्यारांच्या दुकानातून आवाज अडवायला कानांवर घट्ट बसणाऱ्या टोप्यांच्या दोन जोड्या घेतल्या, एक त्यांना आणि एक मला. कारखाना आम्हाला कानांत घालायला नुसता कापूस द्यायचा. तिथला दुकानदार म्हणाला, दोन्ही एकसारख्याच आहेत. दाजींनी तरी दोन्ही उलटून पाहिल्या, एकेकीला टिचकी मारली, आणि सोबत आलेल्या ताईला विचारलं, बरोबर वाजते ना.