शेपटाच्या मागची बाई

सायकल सहलीत सगळ्यांच्या शेवटी राहणाऱ्या माणसाला, सहली काढणाऱ्या त्या सायकलच्या दुकानात 'शेपूट' म्हणत, आणि मामा बावीस वर्षं शेपूट होते. कोणी दमला, कोणाची चेन निसटली, की थांबायचं, आणि डोंगरमाथ्यावरच्या जुन्या गावाच्या वेशीत सगळ्यांच्या नंतर शिरायचं. शेपटाच्या मागे कोणी राहता कामा नये, एवढा एकच नियम.

माणूस कामाला चोख, पण संशयाचं भूत कायमचं मानगुटीवर. बायकोने चहात साखर जरा जास्त घातली, की हिला आज काय हवंय, हा विचार आधी. डॉक्टर म्हणाला तब्येत उत्तम आहे, तर हा काय लपवतोय म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे.

दुकान सख्ख्या भाच्याचं. मागच्याच महिन्यात तो म्हणाला होता, "मामा, आता सावलीत बसा. पंक्चरं काढा. चढाला कोणीतरी तरुण बघतो." मामा असे काही उखडले, की भाचा "बरं, एक महिना बघू" म्हणून गप्प बसला. चढावर उजवा गुडघा कुरकुरतो हे मामांनी घरातही सांगितलं नव्हतं. मग याला कळलं कुठून? चार भिंतींत बसायचं म्हटलं तरी त्यांचा जीव गुदमरे. हा महिना म्हणजे परीक्षा, आणि परीक्षा आली म्हणजे परीक्षकही येणार, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं.

त्या सकाळी अकरा जण निघाले आणि मामांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांतली एक पन्नाशीची बाई पुढे जायलाच तयार नव्हती. गळ्यात दोरीला अडकवलेली छोटी वही. सूर्यफुलांच्या शेतांपाशी थांबले, बाईने वहीत लिहिलं. पुलावर पाणी प्यायले, बाईने लिहिलं. मामांनी मान लांब केली, तर तिने वही मिटली.

"या वयात चढ जड जात नाही का हो तुम्हाला?" तिने विचारलं.

"कोणी विचारायला सांगितलंय?"

"कोणी नाही. सहजच."

सहजच! जगात सहज कोणी काही विचारत नाही, यावर मामांचा गाढ विश्वास. पायथ्याशी आल्यावर त्यांनी दात आवळले. लिही म्हणावं आता, काय लिहायचं ते! सीटवरून उठून ते असे सुटले, की तिशीतले दोघे मागे पडले. गुडघा ठणकत होता, पण छाती फुगली होती. सात वळणं त्यांनी एकदाही मागे न बघता काढली.

वेशीच्या दगडी कमानीखाली भाचा रात्रीच्या मुक्कामाच्या सामानाची गाडी घेऊन उभा होता. सगळे आत आल्यावर त्याने माणसं मोजली. दहा.

"मामा, त्या वहीवाल्या बाई कुठे?"

"तुलाच ठाऊक. तुझ्याच ना त्या?"

"माझ्या? काल सायकल भाड्याने घ्यायला आल्या तेव्हा पहिल्यांदा बघितलं त्यांना!"

मामांनी तिथल्या तिथे सायकल वळवली.

चौथ्या वळणावर ती कठड्याला टेकून बसली होती. चेन निसटलेली, हात काळे, कोपर खरचटलेलं. मामांना बघून तिचे डोळे भरून आले. "आलात ना! मला वाटलंच होतं."

मामांनी खाली मान घालून चेन बसवली. शेवटी राहवलं नाही. "वहीत काय लिहिता?"

"किती झालं आणि किती उरलं. तीन महिन्यांपूर्वी शिकलेय मी सायकल. आकडा दिसला नाही तर हिंमत सुटते." ती ओशाळून हसली. "पुढे गेलं की सगळे माझं डुगडुगतं हँडल बघतात. तुमच्या मागे लाज वाटत नाही. तुम्ही कोणाला सोडून जात नाही, असं दुकानात सांगितलं होतं."

मामांना कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. उरलेला चढ दोघं सायकली हातात धरून चालले.

वेशीत भाचा येरझाऱ्या घालत होता. त्याने तोंड उघडायच्या आत बाईच म्हणाली, "मीच यांना पुढे पाठवलं. म्हटलं, मी येते सावकाश."

भाच्याने सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यावर भागलं असतं. ही आपल्यासाठी का खोटं बोलतेय, हिला काय हवंय, असं सवयीने मामांच्या मनात आलंच. तिच्या काळ्या हातांकडे बघून त्यांची त्यांनाच लाज वाटली.

"खोटं आहे ते," ते म्हणाले. "मी टाकून आलो यांना. तू पाठवलेली हेर समजून. गुडघाही गेलाय माझा. परवापासून बसतो दुकानात."

मामांनी उभ्या जन्मात स्वतःची चूक कबूल केलेली भाच्याने ऐकली नव्हती.

"परवापासून ना?" बाईने कोपरावर पाणी ओतत विचारलं. "मग उद्या उतरताना मी तुमच्या मागेच येते."

या बोलण्यामागे तिचा काय डाव असेल, हे शोधायचं मामांना सुचलंच नाही. ते तिचे ब्रेक तपासायला वाकले.