चार तासांची शिदोरी

कोरेगावात आमच्या शेजारी हाजराभाबी राहायची. मैल, किलोमीटर तिला कधी कळलेच नाहीत. गाव किती लांब, हे ती शिदोरीवरून सांगायची. मेढा एका भाकरीवर, पुणं दोन भाकरींवर. आणि आसाम म्हणजे दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्यांचं मोठं गाठोडं, कारण तिचा नवरा पीरमहंमद मिलिटरीत ड्रायव्हर होता आणि आगगाडीनं तिकडं पोचायला त्याला पाच दिवस लागायचे. पण रजा काढून दरसाल यायचा हं तो माणूस, एकदाही चुकला नाही.

तो वारला आणि मागं राहिला एकुलता एक सिकंदर. साताऱ्याला गॅरेजात मिस्त्री होता. चौऱ्याहत्तर साली त्यानं कुवेतची नोकरी धरली. भाबीनं साफ नाही म्हणून सांगितलं. निम्मा जन्म वाट बघण्यात गेला, आता पुन्हा नाही, म्हणाली. पण पोरगं वस्ताद. त्यानं आईला एवढंच सांगितलं, की मुंबईहून विमानानं चार तास लागतात. चार तास म्हणजे एस्टीनं पुण्याला जाण्याएवढंच की! भाबी हसली, आणि पुण्याच्या हिशेबानं दोन दशम्या रुमालात बांधून तिनं त्याला लावून दिलं. मधल्या समुद्राची गोष्ट मी काढली, तर मलाच गप्प बसवलं.

मग ईद आली. भाबीचं म्हणणं, सकाळी निघाला तरी दुपारी जेवायला इथं असंल. तिनं शिरखुर्मा झाकून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या पोरांनी तो खाल्ला. पुढच्या ईदला तेच, त्याच्या पुढच्या ईदलाही तेच. साहेब रजा देत नाही, अशी पत्रं तेवढी यायची. मला त्या पोराचा असा राग यायचा! भाबी मात्र एस्टीचा आवाज आला, की उठून दारात जायची. मला ते बघवायचं नाही.

सत्त्याहत्तर साली एकदाची आली स्वारी. महिनाभराची रजा, रेडिओ, अत्तरं, नवे कपडे. आता भाबी त्याला चांगला झाडणार म्हणून मी टपून बसले होते. पण ती एका शब्दानं रागावली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी गेले, तर भाबी चुलीपुढं बसलेली आणि शेजारी दशम्यांची ही चळत. सिकंदर हसायला लागला. म्हणाला, अम्मा, चार तासांत तर पोचतो मी, एवढं कोण खाणार?

भाबीनं तव्यावरची दशमी उलटली.

"तुजा बाप पाच दिवसांच्या वाटंवरनं दरसाल यायचा," ती म्हणाली. "तुला यायला तीन वर्सं लागली. आता मला कळलं, कुवेत किती लांब हाय ते. घे, न्हाई म्हणू नगंस."

सिकंदरचं हसू गेलं. मीही पदर तोंडाला लावला. गाठोडं बॅगेत मावेना, तेव्हा त्यानं घड्या घातलेले नवे कपडे एकेक करून बाहेर काढले आणि दशम्या आत ठेवल्या.