खुर्ची बघून वाढलेला भात

टेलरबाईंच्या हातालाच डोळे आहेत, असं गल्लीत सगळे म्हणायचे. कापड नुसतं चाचपून त्या सांगत, यात पूर्ण बाही बसेल की नाही. घरात जेवण वाढताना मात्र तोच हात साफ आंधळा व्हायचा.

दुपारी मशीनवरून उठायचं आणि डोक्यात कुणाची तरी कॉलर घोळत असतानाच वाढायला घ्यायचं. खिडकीजवळच्या खुर्चीला तीन डाव भात आणि दोन अंडी, कारण तिथे थोरला लेक, म्हणजे पैलवान. दाराजवळच्या खुर्चीला एक डाव आणि अर्धं अंडं, कारण तिथे धाकटी, म्हणजे चिमणी. पैलवान 'पुरे' म्हणाला की आणखी एक डाव पडायचा. वाढत्या वयाचा मुलगा ना! चिमणी 'पुरे' म्हणाली की भांड्यावर झाकण. तेरा वर्षांची ती काय वाढत नव्हती? त्यात आलेगेले कौतुक करायचे, "किती बेताचं खाते हो पोर!" एवढं कौतुक झाल्यावर कुठली मुलगी पुन्हा भात मागेल?

अशातच चिमणीने शाळेच्या रस्सीखेच संघात नाव दिलं. खेळाच्या बाईंनी दोरीला एक हिसका दिला, तर ही दोरीसकट त्यांच्या पायाशी. "दोन महिने देते," बाई म्हणाल्या. "अंगात जोर आण, नाहीतर नाव काढते." चिमणी रडकुंडीला आली. तिला त्या संघात जायचंच होतं.

दोन महिन्यांनी संघाचे शर्ट शिवायला टेलरबाईंकडेच आले. त्यांनी मापाची वही उघडली, लेकीच्या दंडाला टेप लावला आणि थबकल्या. वहीतल्यापेक्षा एक इंच जास्त. पुन्हा मोजलं, तरी तेच. मग संशय येऊन त्यांनी पैलवानाला बोलावलं. त्याची कंबर दीड इंचाने उतरलेली!

"काय चाललंय रे तुमचं?"

पैलवानाला हसू आवरेना. "आई, दोन महिने झाले, आम्ही खुर्च्या बदलल्यात. तू माणूस बघून वाढतच नाहीस, खुर्ची बघून वाढतेस!"

"अरे, मग तू उपाशी राहिलास?"

"छे! जेवल्यावर वाकता येतं, हे मला आत्ता कळलं."

टेलरबाईंनी टेप गळ्यात अडकवला. मग लेकीला म्हणाल्या, "भूक लागायची तर बोलली का नाहीस गं?"

"तू कधी बोललीस?" चिमणी म्हणाली. "तू तर आमच्याबरोबर बसतही नाहीस."

खरंच होतं. त्या उभ्या उभ्या पातेल्यातली खरवड खायच्या आणि मशीनवर बसायच्या. त्यांना वाईट वाटलं, लाज वाटली, आणि का कोण जाणे, हसूही फुटलं.

"बरं, खेळाच्या बाई काय म्हणाल्या?"

"दोरीच्या शेवटी मीच!" चिमणी ताठ उभी राहिली. "तिथे सगळ्यात भक्कम माणूस लागतो."

जेवायच्या वेळी टेलरबाईंनी मशीनचं स्टूल ओढलं आणि दोन खुर्च्यांच्या मधोमध बसल्या. आज डाव चिमणीच्या हातात होता.

"पुरे," पहिल्याच डावाला त्या सवयीने म्हणाल्या.

चिमणीने आईच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि आणखी एक डाव वाढला. टेलरबाईंनी तो चाटूनपुसून संपवला आणि ताट पुन्हा पुढे केलं.