शेवंतीची रात्र

संध्याकाळी सहा वाजता, बाहेर अजून चांगलं दिसत असताना, समोरच्या घरातून आवाज यायचा, "ब्लॅकआउट." मग लोखंडी कपाटाचं दार लागायचं आणि त्यावर काळा पडदा ओढला जायचा. त्यानंतर सकाळपर्यंत ते कपाट उघडायची कुणाची टाप नव्हती. आत साड्या नव्हत्या की दागिने नव्हते. आत शेवंती झोपलेली असायची.

ब्लॅकआउट मामांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची वेळ आमच्यापैकी कुणावर आली नाही. त्यांचा सगळा जन्म नाटकांना लाइट देण्यात गेला. दादर म्हणा, गिरगाव म्हणा, प्रेक्षकांच्या डोक्यामागे वरच्या कोंदट खोलीत बसून त्यांनी कितीतरी नायिकांच्या चेहऱ्यावर पहाट आणली. निवृत्त झाल्यावरही ते माणसांकडे लाइटवाल्याच्याच नजरेने बघत. माझ्या लग्नाचा अल्बम चाळून म्हणाले, "नवरा चांगला आहे गो, पण लाइट डोक्यावरून मारलाय. डोळ्यांखाली खड्डे दिसतात." ते खड्डे जन्मजात आहेत, हे मी त्यांना सांगितलं नाही.

एलईडी दिव्यांवर त्यांचा मनस्वी राग. "या दिव्याला ऊब नाय. नट उभा राहतो, पण शेकत नाय," म्हणायचे. थिएटरात एलईडी आले आणि मामा घरी बसले, तेव्हा तो राग जरा घरगुतीही होता. पुढे त्याच दिव्याची त्यांना गरज लागली. अडला हरी गाढवाचे पाय धरी, हे ते स्वतःच हसत म्हणायचे.

झालं असं, की करी रोडची आमची चाळ पाडून नवी इमारत उभी राहिली. घर स्वतःचं झालं, संडास घरात आला, लिफ्ट आली आणि ऊन गेलं. शेजारच्या टॉवरने ते वरच्या वर अडवलं. चाळीच्या गॅलरीत तेलाच्या डब्यात भरभरून फुलणारी मामींची पांढरी शेवंती नव्या घरात आली ती रुसलीच. त्याच वर्षी मामींना कॅन्सर निघाला. परळच्या इस्पितळाच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि बघता बघता त्यांचे केस गेले.

मामींचे केस ही आमच्या चाळीत बोलण्याची गोष्ट होती. मोठा अंबाडा आणि त्यावर घरच्या शेवंतीची वेणी. मामांची नाटकं त्यांनी पाहिली ती एकटीने, खाली प्रेक्षकांत बसून. नवरा मागे वर. मामा सांगायचे, "अंधारात मला हिचं तोंड कसं दिसणार? वेणी दिसायची. पांढरा ठिपका. तो दिसला की माझा हात कापायचा नाय."

इस्पितळातून घरी आल्यावर डोक्याला रुमाल बांधलेल्या मामी एवढंच म्हणाल्या, "केस इले काय वेणी माळून नाटकाक जावया. घरच्या शेवंतीची वेणी. आणि ह्या खेपेक तुमी माझ्या बाजूक बसाचा." बाई गमतीने बोलली असेल. मामांनी ते अंगावर घेतलं. फुलबाजार दादरला, हाकेच्या अंतरावर, हे मी सुचवून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी विषय बदलून चहा मागितला.

मग मामींच्या साड्या कॉटखालच्या ट्रंकेत गेल्या आणि कपाट रिकामं झालं. आत गणपतीच्या आराशीतला चंदेरी कागद लागला, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसला आणि लोहार चाळीच्या विजेच्या बाजारातून आणलेला एलईडीचा जांभळा पाट वर टांगला गेला. ज्या काळ्या पडद्याआडून नट रंगमंचावर यायचे, त्याचा एक तुकडा दारावर आला. दिवस लहान आणि रात्र मोठी झाल्याशिवाय शेवंती कळी धरत नाही. रात्री मध्येच उजेड पडला की तिचा हिशेब चुकतो. म्हणून तो सहाचा ब्लॅकआउट.

हे ज्ञान मामांना मिळालं ते मोबाईलवर, आणि तिथेच गोम होती. बंद कपाटात, एलईडीखाली झाड कसं वाढवावं, हे जगात सगळ्यात तळमळीने शिकवतात ते गांजा लावणारे लोक. परदेशातले दाढीवाले तरुण गांजाच्या रोपाला असे गोंजारत, की बघणाऱ्याला भरून यावं. मामांना इंग्रजी येईना, म्हणून बँकेतून दमून आलेली मी त्यांच्या शेजारी बसून भाषांतर करत असे. मला झाडांची काडीइतकी आवड नाही. गांजाचीही नाही.

"ही पोरं धंदा वाईट करतात, पण शिकवतात मनापासून," मामा म्हणायचे. शेंडा खुडला की बाजूला फांद्या फुटतात, फांदी आडवी वाकवून बांधली की प्रत्येक पानाला उजेड मिळतो, हे सगळं त्यांनी त्या पोरांकडून उचललं. एकदा 'ट्रेनिंग' शब्द आला. मी म्हटलं, प्रशिक्षण. मामा हसले. "प्रशिक्षण तुझ्या बँकेत. झाडाला वळण म्हणतात गो. लावायचं, मोडायचं नाय."

वाकवलेल्या फांद्या मातीशी धरून ठेवायला त्या व्हिडिओत तारेचे हूक असायचे. मामांनी घरात शोधाशोध केली आणि मामींचे अंबाड्याचे आकडे काढले. डबाभर काळे आकडे, कुणाच्या कामाचे नसलेले. ते एकेक करून कुंडीत रोवताना मामी कॉटवरून बघत होत्या. म्हणाल्या, "माझे माका परत व्हये." मामा म्हणाले, "वळण लागलं की काढतो. तवसर तुझे केस येतील." पुढे दोघांची शर्यतच लागली. मामी रोज सकाळी रुमाल सोडून डोक्यावरून हात फिरवायच्या आणि मामा कपाट उघडायचे.

केसांची लव आली आणि कळ्याही आल्या. आणि नेमक्या त्याच आठवड्यात मामा लिफ्टमध्ये गावच्या मेव्हण्याशी फोनवर बोलले, "माल भरायला लागलाय. हिचे आकडे अजून तसेच लावलेत." मागे आमचे सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. माल म्हणजे गांजा आणि आकडे म्हणजे मटका, यापलीकडे त्यांचा विचार जाणं शक्यच नव्हतं. खिडकीतून झिरपणारा जांभळा उजेड त्यांनी आधीच हेरून ठेवला होता.

संध्याकाळी कमिटी दारात आली. मामा कपाटाला पाठ लावून उभे राहिले. "आत्ता नाय. त्यांची रात्र झालीय. सकाळी या." असं म्हणणाऱ्या माणसाचं कपाट कोण उघडणार नाही? पडदा बाजूला झाला, सगळ्यांच्या मोबाईलच्या बॅटऱ्या पेटल्या, फोटो निघाले. शेवंतीच्या पानाला कातरे असतात, गांजाच्याही असतात. त्यात मामांचा फोन बघितला तर एकजात गांजाच. सेक्रेटरी म्हणाले, "चौकीतून माणूस येईपर्यंत हे उघडं राहील. समोर पॅसेजची ट्यूब चालू राहील." मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही.

चौकीतला माणूस यायला आठवडा उलटला. त्याने एक पान चुरडून वास घेतला, "अहो, ही शेवंती आहे," म्हणाला आणि चहा पिऊन गेला. सेक्रेटरींनी मान खाली घातली. तोवर ट्यूबच्या उजेडात कळ्या थिजून गेल्या होत्या. मामा भांडले नाहीत. इतकंच म्हणाले, "तुमच्यामुळे शो पडला." त्या रात्री मामीच त्यांना म्हणाल्या, "जावंदे. माझे तरी केस खंय इलेत धड."

मामांनी पुन्हा शेंडे खुडले, पुन्हा वळण लावलं. सेक्रेटरींच्या घरून पॅसेजच्या खिडकीला लावायला काळा कागद आला, तो कुणी पाठवला हे कुणी विचारलं नाही. या खेपेला शेवंती फुलली. पांढरी, भरगच्च, चंदेरी कपाटात मावेना अशी. मामांनी झाडाचे आकडे एकेक करून उपटले. फांद्या जागच्या हलल्या नाहीत. मग तेच आकडे धुऊन पुसून मामींच्या बोटभर केसांत खोचले. वेणीपेक्षा आकडेच जास्त दिसत होते. मामी आरशात बघून हसल्या आणि मग रडल्या, आणि मीही त्यात भाग घेतला.

दादरला नाटक होतं. दुसऱ्या दिवशी मी उत्सुकतेने विचारायला गेले, तर मामींचं तोंड फुगलेलं. "बाजूक बसा म्हटलंय, तर दुसऱ्या अंकाक उठून मागच्या रांगेत गेले."

मामा खाली बघून म्हणाले, "बाजूला बसलं की वेणी दिसत नाय."

पुढची दोन वर्षं मामी ठणठणीत होत्या. आमचं सगळ्यांचं लक्ष त्यांच्या तपासण्यांवर, त्यांच्या केसांवर. मामांकडे बघायचं कुणाला सुचलं नाही. एका दुपारी जेवून मामांनी मामींच्या अंबाड्यावर वेणी माळून दिली आणि "जरा पडतो," म्हणाले ते उठलेच नाहीत. त्यांची लेक नाशिकहून निघाली होती, ती पोचायला उशीर होणार होता, म्हणून सकाळपर्यंत त्यांना ठेवायचं ठरलं. घर माणसांनी भरलं.

सहा वाजले. आवाज आला नाही. मामी उठल्या, माणसांमधून वाट काढत कपाटापाशी गेल्या, दार लावलं, पडदा ओढला आणि परत मामांच्या उशाशी येऊन बसल्या.

थोड्या वेळाने खालच्या मजल्यावरची एक बाई म्हणाली, "फुलं घरचीच आहेत ना, मामांच्या अंगावर घालूया. उघडा की कपाट." दुसरीने मामींच्या अंबाड्याकडे बोट करून हळूच खूण केली, ती वेणी आता काढायला हवी. मामींनी ती खूण पाहिली आणि पाहिली नाही असं केलं. कपाटाबद्दल मात्र बोलल्या, "आता नको. त्यांची रात्र झाली. सकाळी."

सेक्रेटरी दारात उभे होते. ते वळले आणि त्यांनी पॅसेजची ट्यूब बंद केली. मग आत येऊन घरातलीही बंद केली. मामांच्या डोक्याशी पणती तेवढी राहिली. त्या अंधारात इतकी माणसं बसली होती, पण मामी कुठे आहेत हे मला वेणीवरून कळत होतं.